बंद पाण्याची मोजणी

बर्नादितने प्लासिदोच्या शून्यांचं कौतुक केलं. तशी ती बाई कौतुकाला फार उदार नव्हे. सायपान बेटावरच्या बुडीत जमिनीच्या, म्हणजे समुद्राखालच्या जमिनीच्या, कचेरीत अकरा वर्षं ती त्याची साहेब होती. अकरा वर्षांत तिने त्याचं कौतुक दोनदा केलं होतं, आणि त्यातलं एक त्याने आणलेल्या कलिंगडाचं होतं. पण त्या गुरुवारी सकाळी तिने त्याचे एकोणचाळीस तक्ते टेबलावर पसरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "काय सुबक शून्यं काढतोस रे प्लासिदो! कंपासने काढल्यासारखी. कंपनीचा वकील बघून खूश झाला. म्हणाला, असं स्वच्छ रिकामं पाणी उभ्या पॅसिफिकात मिळायचं नाही." प्लासिदो हसला. साहेबाने कौतुक केलं की हसायचं असतं, म्हणून तोंड आपोआप हसलं. मग ते हसू तिथेच तोंडावर राहून गेलं आणि तो आतल्या आत मागे मागे सरकत गेला, ओहोटीला वाळू पायाखालून सरकते तसा. रिकामं पाणी. एकोणचाळीस सकाळी सुरूच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीवर बसून, सहा ते आठ, त्याने ते पाणी मोजलं होतं. मासेमार किती, होड्या किती, पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकणारे किती, शिंपल्या वेचणाऱ्या बायका किती. रोज काही नाही. आणि रोज तो शून्य काढताना, खोटं कशाला बोला, त्याला अभिमान वाटला होता. कारण ते पाणी रिकामं नव्हतं. ते बंद होतं. ते त्याच्या मामासाठी बंद होतं.

आता हे एकाच डोक्यात दोन महिने कसं मावलं, असं कुणी विचारेल. माणसाचं डोकं हे काही एका खोलीचं घर नसतं. एका खोलीत तो कचेरीचा मोजणीदार होता, टोपी घातलेला, आणि दुसऱ्या खोलीत तिबुर्सियो मामाचा भाचा. मधलं दार सत्तावन्न वर्षांत कधी वाजलंच नव्हतं, मग ते आहे हे तरी कळणार कसं? मामा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी कुळातल्या बायकांनी रीतीप्रमाणे कुळाच्या प्रवाळ-खडकाच्या कडेला, कमरेइतक्या पाण्यात, वासा रोवून त्याला नारळाची झावळी बांधली. आईकडच्या कुळातलं मोठं माणूस गेलं की त्या कुळाचा खडक मिटतो. सहा महिने तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, शिंपली उचलायची नाही. माशांनीही दुःख पाळायचं असतं, असं मामाच म्हणायचा, आणि पुढे म्हणायचा की मासे ते आपल्यापेक्षा नीट पाळतात, कारण त्यांना डबाबंद मांस परवडत नाही. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात सूचना आली की याच पाण्यात एक हॉटेल कंपनी खांब रोवून काचेच्या तळाच्या खोल्या बांधू इच्छिते, चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने. कुणाचा वापर आहे की नाही याची चाळीस दिवस मोजणी होईल. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या यात कुणाचाच डाव नव्हता. डाव असता तर बरं झालं असतं. डाव करणाऱ्याची मान तरी धरता येते.

"बर्नादित," तो म्हणाला, "तिथे कुणी येत नाही, कारण ते बंद आहे."

"कुणी बंद केलंय?"

"आम्ही."

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. ती चामोरो होती, बेटावरच्या जुन्या माणसांतली, आणि प्लासिदोची माणसं दोनशे वर्षांपूर्वी वादळात उद्ध्वस्त होऊन दक्षिणेच्या सपाट बेटांवरून होड्यांनी आलेली. दोनशे वर्षं झाली तरी दोन्हीकडचे एकमेकांना पाहुणेच म्हणत. "हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली, "मला कळतं. आमच्याकडेही रानात पाऊल टाकताना पूर्वजांना विचारतात. पण कायद्यात वापर म्हणजे डोळ्यांना दिसणारा वापर. दुःख हा वापर नाही. आणि तू त्याच घरातला. सोमवारच्या सुनावणीत तू उभा राहून हे बोललास, तर वकील म्हणेल, मोजणारा नातेवाईक निघाला. मोजणी रद्द, तूही रद्द. दोन वर्षांनी पेन्शन आहे ना तुझं?" मग ती एकदम चिडली, त्याच्यावर की स्वतःवर कुणास ठाऊक. "महिन्याभरापूर्वी का नाही बोललास, गाढवा?"

का नाही बोललास. गाडीत बसल्यावर तो प्रश्न शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि पट्टा लावून घेतला. गरापानच्या रस्त्यावर गुलमोहर भडकून फुलले होते, जुगाराच्या अर्धवट इमारतीच्या सावलीत दोन कामगार भाताचे डबे उघडत होते, सगळं रोजचं होतं आणि सगळं कुणीतरी एक बोट डावीकडे सरकवून ठेवल्यासारखं वाटत होतं. बोललो नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. श्वास घेतो हे कुणी कचेरीत कळवतं का? मामाने या कचेरीची चेष्टा जन्मभर केली. पाणी आधी स्पेनचं झालं, मग जर्मनांचं, मग जपान्यांचं, मग अमेरिकेचं. कोर्टाने ठरवलं की भरतीच्या रेघेपलीकडचं सगळं वॉशिंग्टनचं, आणि मग काही वर्षांनी वॉशिंग्टनने उदार होऊन तीन मैल बेटाला परत दिले. त्या दिवशी प्लासिदो घरी नाचत आला होता. मामा होडीच्या शेडमध्ये सुपारी कातरत बसला होता. "तीन मैल?" तो म्हणाला. "आणि चौथ्या मैलावरचा मासा? तो आता व्हिसा काढून येणार का?" प्लासिदोने समजावून सांगितलं की मामा, ही फार मोठी गोष्ट आहे, समुद्राचा तळ आपला झाला. मामाने पानावर चुना लावला, सुपारी घातली, घडी केली, गालात ठेवली, आणि मग फार वेळाने, लाल थुंकी नारळीच्या बुंध्याशी टाकून विचारलं, "आपला म्हणजे कुणाचा?"

तिबुर्सियो मामा थापाड्या होता, हे सांगायला हवं. साधा नव्हे, पट्टीचा. हा खडक आपल्या कुळाचा कसा, तर त्याचं म्हणणं असं की तो खडक आपण बरोबर आणला. वादळानंतर पूर्वज सातावाल बेट सोडून निघाले तेव्हा आजीच्या आजीच्या आजीने हट्ट धरला की माझा खडक घेतल्याशिवाय मी होडीत बसणार नाही. मग काय करता? काथ्याचा दोर वळला, खडकाला बांधला, आणि सहाशे मैल ओढत आणला. वाटेत एक शार्क त्यावर झोपला होता तोही आला, तोच तो, दर पौर्णिमेला दिसतो तो. प्लासिदो होनोलुलूहून मोजणीची पदविका घेऊन आला तेव्हा मामाने त्याला पहिलं काम हेच दिलं: "तुझं ते यंत्र आण आणि खडक मोजून दे. ओढताना झिजला असेल, किती झिजला ते कळू दे." आणि प्लासिदोने, लाज वाटते सांगायला, दोन रविवार घालवून तो खरोखर मोजला होता. मामा होडीत बसून पट्टी धरायचा आणि मधेच म्हणायचा, "इथे एक हात कमी भरतोय बघ. हा ग्वामच्या वळणावर घासला." त्या दोन रविवारांत तो जितका सुखी होता तितका पुढे कधी झाला नाही, हे त्याला आज, चौकातल्या लाल दिव्याशी, प्रथमच कळलं, आणि दिवा हिरवा होऊनही तो हलला नाही, मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा हलला. तो नकाशा कुठे गेला? मामाने त्यात सुकट बांधली होती. वासाने मांजर आलं होतं.

आणि शेवटी दवाखान्यात, नाकाला नळी, हात पापडासारखे, मामाने त्याला जवळ बोलावलं होतं. प्लासिदोला वाटलं, थाप येणार. शार्कचा निरोप वगैरे. पण मामा अगदी सरळ, पोस्टात चौकशी करावी तसा म्हणाला, "पाण्याचा कागद आहे ना रे आपल्याकडे? तू त्या कचेरीत आहेस. असेल ना?" आणि प्लासिदो म्हणाला, "आहे मामा." असा कागद नव्हता, कुणाकडेच नव्हता, अशा कागदाचा नमुनाच कुणी छापला नव्हता. जन्मभर थापा मारलेल्या माणसाने ही एक थाप डोळे मिटून गिळली आणि चेहरा सैल सोडला. त्या सैल चेहऱ्याची प्लासिदोला भीती वाटत असे. एकोणचाळीस सकाळी तो सुरूखाली बसला तेव्हा तो चेहरा त्याने पाण्यावर पाहिला होता, आणि त्याला वाटलं होतं, बघ मामा, एकही माणूस आला नाही, बघ किती पाळतात तुला. आणि खाली मान घालून शून्य काढलं होतं. एकेक शून्य, फूल वाहावं तसं. कंपासने काढल्यासारखं.

मामाच्या घरी अंगणात रेमेदियो अक्का विळीवर नारळ खवत होती. त्याची बहीण, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, आता कुळातली कर्ती बाई, कारण आपल्याकडे घर, जमीन आणि खडक बायकांच्या हातून चालतात आणि पुरुष नुसते त्यांच्या वतीने बोलतात. तिच्या बाजूला लूर्देस मावशी, ऐंशीच्या पुढची, डोक्यात फुलांचं कडं आणि तोंडात एकही दात नसताना सुपारी. प्लासिदोने सगळं सांगितलं. वकील, चाळीस दिवस, वापर. बोलताना त्याचा आवाज कचेरीतला झाला, हे त्यालाही ऐकू आलं.

"उद्या शेवटचा दिवस," तो म्हणाला. "दहा माणसं पाग घेऊन पाण्यात उतरली तर बास. सहा ते आठ. मी दहा लिहितो. वापर सिद्ध झाला की पट्टा मिळणार नाही. दोन तासांचा प्रश्न आहे, अक्का."

रेमेदियोचा हात थांबला नाही. "मामाला जाऊन साठ दिवस झाले नाहीत."

"म्हणूनच सांगतोय. मामाचाच खडक जाईल."

"मामाचं दुःख मोडून मामाचा खडक वाचवायचा?"

"हो!"

"मग वाचला तो कुणाचा खडक?" ती म्हणाली. "ज्यांना स्वतःची झावळी पाळता येत नाही, त्यांचा ना?"

"अक्का, त्यांना झावळी दिसत नाही. त्यांना फक्त माणसं दिसतात."

"मग त्यांना चष्मे दे. तुमच्या कचेरीत चष्मेवाल्या बाया आहेत की."

लूर्देस मावशी खिदळली. मग हसू पुसून म्हणाली, "प्लासिदो, बाळा, उपास धरलेल्या माणसाच्या ताटात काही नाही म्हणून त्याचं ताट न्यायचं, असं म्हणतात का ते लोक?"

"तसंच म्हणतात, मावशी."

"बाई गं," म्हातारी म्हणाली आणि खरोखर विचारात पडली. रेमेदियोने खवलेलं खोबरं पातेल्यात झाडलं आणि दुसरी भकल उचलली. "जेवून जा," ती म्हणाली, म्हणजे विषय संपला. नीरफणस उकडला होता, लिंबू-मिरचीच्या पाण्यात मासा होता, दुसऱ्या गावच्या पाण्यातून विकत आणलेला. तो जेवला. घास गिळताना त्याला सारखं वाटत होतं की आपण दोघेही बरोबर आहोत, अक्का आणि मी, आणि दोन बरोबरांच्या मधून कंपनी काचेच्या तळाच्या खोल्या घेऊन सरळ चालत येते आहे, कुणाचा धक्काही न लागता.

शुक्रवारी सहाला तो सुरूखाली जाऊन बसला. भरती येऊन गेली होती. पाणी फिकट, दूर खडकावर पांढरी रेघ, अलीकडे युद्धात बुडालेल्या रणगाड्याची गंजकी मान, आणि वासा, त्यावरची झावळी आता वाळून तपकिरी झालेली. बायका नेहमीप्रमाणे मामाच्या अंगणातून खाली येऊन किनारा झाडत होत्या. सव्वासहा. साडेसहा. मांडीवर तक्ता, तारीख घातलेली. आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं असं तो पुढे सगळ्यांना सांगत राहिला, आणि ते बहुधा खरं असावं. पण गाडीच्या डिकीत रात्रीच पाग ठेवलेला होता, हेही खरं. पावणेसातला तो उठला, बूट काढून खुर्चीखाली जोडीने ठेवले, तक्ता त्यांवर, दगड ठेवून. पाग खांद्यावर घेतला, शिशाचे मणी छातीवर खुळखुळले. पाणी घोट्याशी आलं तेव्हा गार वाटलं, गुडघ्याशी आलं तेव्हा कोमट. कचेरीची पँट पायांना चिकटली. तो एक असेल. दहा नाही, पण एक तर असेल. एक हा आकडा शून्यापेक्षा किती मोठा असतो, हे मोजणीदाराला सांगावं लागत नाही. पायाजवळून बोईट माशांचा थवा वळला. साठ दिवसांत त्यांना माणसाची भीती राहिली नव्हती, ते त्याच्या पोटऱ्यांना हुंगत होते. त्याने पागाची कड दातात धरली, अर्धा घेर कोपरावर घेतला, कंबर वळवली. आणि टाकवेना. मासे इतके जवळ आणि इतके निवांत होते की ते मेजवानीला बसलेल्यांसारखे दिसत होते. त्याने डोळे मिटले आणि टाकला.

पाग उघडला तो उत्तम उघडला. इतका गोल त्याने तरुणपणीही टाकला नव्हता. तो पाण्यात बुडतो न बुडतो तोच मागून ओरडा आला.

आधी त्याला वाटलं, मोटरबोट आली. मग वळून पाहिलं. बायका येत होत्या. झाडू टाकून, लुगडी भिजवत, सात-आठ जणी, पाणी उडवत, आणि पुढे रेमेदियो. आपल्या माणसांत बहीण भावापुढून जाताना कंबरेत वाकते. भाऊ बसला असेल तर ती जवळपास रांगते. प्लासिदोने आयुष्यात रेमेदियोला आपल्यासमोर ताठ पाहिलेलं नव्हतं, लग्नात नाही, आईच्या मयतीलाही नाही. ती ताठ येत होती. पाणी तिच्या गुडघ्याला होतं आणि ती ताठ येत होती, आणि त्याला प्रथमच कळलं की ती त्याच्यापेक्षा उंच आहे.

"नालायका!" ती म्हणाली. "सोड!"

"अक्का, एकच..."

"तोंड मिट! कुणाच्या पाण्यात उभा आहेस तू? कुणाला विचारून? सोड दोर!" तिने पागाचा दोर धरला, तो त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता, दुसऱ्या दोघींनी तिला धरून ओढलं, आणि प्लासिदो, कचेरीचा मोजणीदार, खात्याची निळी टोपी घातलेला, तोंडावर आपटला. नाकात खारं पाणी गेलं. वर आला तर पाग उलटा झाला होता आणि बोईटं चांदीसारखी इकडेतिकडे निघून चालली होती. किनाऱ्यावरून लूर्देस मावशी काठी नाचवत सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "चोर! घरचा चोर! खडक उघडेल त्या दिवशी याला जेवणाच्या पानावर घेऊ नका! याने या पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही, मामाचं वर्ष होईतो!" रस्त्यावर एक बस थांबली होती. आतले पर्यटक फोटो काढत होते.

त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि वाळूत सोडलं. पाग जप्त. कुणी मारलं नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खुर्चीपाशी गेला. सात वाजून दहा मिनिटं. पेन्सिल घेतली. मग त्याने तक्ता मांडीवर घेतला आणि त्याच्या डोक्यात, अगदी शांतपणे, ते मधलं दार उघडलं. मासेमार किती, या रकान्यात त्याने एक लिहिला. नाव, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, आईच्या कुळासकट. उरला शेरा. त्या रकान्यात चाळीस दिवसांत त्याने काही लिहिलं नव्हतं. पाण्याचा थेंब केसांतून कागदावर पडला तो त्याने बाहीने टिपला, आणि लिहिलं: "एक मासेमार उतरला. मालकांनी हाकलून लावला. साक्षीदार: वरील मासेमार, आठ बायका, एक बस."

मोजणी आठपर्यंत करायची असते. नियम तसा आहे. पण पाण्याकडे बघायचं नाही, हाही आता नियम होता, आणि तो मोडायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. त्याने खुर्ची उचलली आणि समुद्राकडे पाठ करून बसला, रस्त्याकडे तोंड. पाठीला वारा लागत होता. वर्षभर. वर्षभर असंच. मामाचं पाणी उघडेल, पानं मांडतील, आणि तो असाच पाठ करून घरात बसेल. बर्नादितला काय सांगायचं? ती विचारेल, मालक म्हणजे कोण? कोणत्या कायद्याने? नोकरी तर गेलीच समजा. आठ वाजायला आले तेव्हा त्याने न वळता विचारलं, "अक्का, कुणी आलंय का पाण्यात? मला लिहायचंय."

मागे झाडूचा आवाज थांबला. ती त्याच्याशी बोलणार नव्हती हे उघड होतं. "मावशी," ती म्हणाली, "त्याला सांग, कुणी नाही. आणि सांग, ओल्या पँटीत बसू नको, न्यूमोनिया होईल."

"कुणी नाही," लूर्देस मावशीने सांगितलं. "आणि तुझी पँट ओली आहे."

त्याने लिहून घेतलं, पहिलं तेवढं. मग मनगट उन्हात धरून पाहिलं. दोर ओढला होता तिथे वळ उठला होता, तांबडा, दोन बोटं रुंद, दोराच्या पिळाच्या रेघा मोजता येतील असा. मालक आहेत याचा कागद नव्हता, पण हे होतं. त्याने त्यावर हळूच फुंकर घातली आणि लगेच थांबला. सुनावणी सोमवारी दहाला होती, मधे शनिवार आणि रविवार, आणि त्याची कातडी फार लवकर भरून यायची, लहानपणापासून.